माशांच्या मागचा पडदा

बीडला राहणारे माझे एक स्नेही, जिल्हा परिषदेच्या शाळेतून विज्ञानाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, अलीकडे घरात खाऱ्या पाण्यातले मासे पाळण्याच्या नादाला लागले आहेत. गोड्या पाण्यातल्या गप्पींवर आणि मॉलींवर हात बसल्यावर त्यांना समुद्र हवासा वाटू लागला. दोनशे लिटरची नवी काचपेटी घरी आल्यावर त्यांनी दूरध्वनीवर विचारले, "सर, मागच्या काचेला रंग कोणता द्यावा? दुकानदार म्हणतो निळा. इंटरनेटवरची मंडळी म्हणतात काळा. घरचे म्हणतात, ते प्रवाळांचं चित्र मिळतं ना, तेच चिकटवा, शोभा येते. तुम्ही साहित्यातली माणसं, तुम्हाला यातलं कळत असेल." साहित्यातल्या माणसाला रंगातले कळते, ही त्यांची समजूत मी दुरुस्त केली नाही. काहीतरी मोघम उत्तर देऊन वेळ मारून नेली. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. ‘पार्श्वभूमी’ हा शब्द आपण समीक्षेत इतका सैलपणे वापरत आलो आहोत की, त्याची झाडाझडती घ्यायला ही काचपेटी मला चांगले निमित्त वाटू लागली.

आधी व्यवहार पाहू. मागची काच रंगवायची ती बाहेरून. आतून दिलेला रंग खाऱ्या पाण्यात टिकत नाही आणि माशांना अपाय करू शकतो. नुसता छापील कागद मागे लावला, तर काच आणि कागद यांच्या फटीत पाणी झिरपते, वाळते आणि मिठाचे पांढरे डाग मागे ठेवते. शिवाय पेटी एकदा भिंतीला टेकवून भरली की मागे हात जात नाही. दोनशे लिटर पाण्याचेच वजन दोनशे किलोंहून अधिक होते, वर काच, वाळू आणि दगड वेगळे. म्हणून हा निर्णय पाणी भरण्याआधी घ्यावा लागतो आणि पुढे अनेक वर्षे सोसावा लागतो. काळ्या रंगावर केशरी, पिवळे, पांढरे मासे उठून दिसतात. नळ्या, वायरी, पंप त्यात लपून जातात. निळ्यावर खोलीचा आभास होतो, पण निळे मासे हरवतात. पांढऱ्यावर शेवाळाचा प्रत्येक ठिपका दिसतो आणि मासेही फिके वाटतात. प्रश्न एवढ्यावर सुटला असता, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

प्रवाळांच्या चित्रापासून सुरुवात करतो, कारण घरच्यांची पसंती त्याला आहे आणि घरच्यांची पसंती ही बहुधा समाजाची पसंती असते. या छापील पट्टीवर गुलाबी, जांभळी प्रवाळे असतात, वरून तिरपी उन्हे उतरलेली असतात, आणि दूरवर माशांचा एक थवा कायमचा थांबलेला असतो. त्याच्यापुढे खरा मासा पोहतो. चित्रातला मासा हलत नाही आणि खरा मासा चित्रात शिरू शकत नाही. पाहणाऱ्याने ही फट विसरावी, अशी त्या चित्राची अपेक्षा असते.

मराठी रंगभूमीला हा प्रकार नवा नाही. संगीत नाटकाच्या वैभवकाळात राजवाडा, अरण्य, रस्ता, उपवन असे रंगवलेले पडदे असत आणि प्रेक्षक त्या पडद्यांनाही टाळ्या देत. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी रंगवलेल्या पडद्यांची कीर्ती नटांच्या कीर्तीइतकीच दूर पोचली होती. त्या कलेची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. तो काळ, ते संगीत, तो प्रेक्षक यांच्यात एक करार होता आणि पडदा त्या करारातला एक पक्षकार होता. पण पुढे, १९७० च्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके होऊ लागली, तोवर रंगवलेल्या अरण्याची गरज संपलेली होती. काळा पडदा, एखादी पातळी, प्रकाशाचा एक झोत एवढ्यावर नाटक उभे राहू लागले. त्याला पैशाची चणचण हे कारण होतेच. पण काळ्या पडद्याने एक गोष्ट कबूल केली, ती म्हणजे मागे काही नाही, जे आहे ते तुमच्यापुढे आहे. रंगवलेला पडदा जागा सांगतो; काळा पडदा जागा सांगण्याचे काम नटाच्या अंगावर टाकतो.

मग निळा? निळ्यात चित्र नाही, नुसता रंग आहे; त्याला खोटे कसे म्हणायचे? इथे थोडे थांबावे लागते. समुद्र निळा का, या प्रश्नाचे जुने उत्तर असे होते की, तो आकाशाचे प्रतिबिंब दाखवतो. लॉर्ड रॅले यांचे मत तसे होते. १९२१ साली इंग्लंडहून परतताना ‘नारकुंडा’ या जहाजावर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी निकोल लोलक घेऊन पृष्ठभागावरचे परावर्तन वगळून पाहिले, तरी खालचे पाणी निळेच दिसले. ते निळेपण पाण्याचे स्वतःचे आहे आणि पाण्याच्या रेणूंमुळे होणाऱ्या प्रकाशाच्या विखुरण्यातून ते येते, असे त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकाला कळवले. पाणी प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेते, हेही या निळेपणाचे मोठे कारण आहे, ही बाब पुढे अधिक स्पष्ट झाली. आपल्या प्रश्नासाठी यातले महत्त्वाचे एवढेच की, समुद्राचा निळा रंग खोलीतून येतो. पाण्याचे कितीतरी मीटर एकापुढे एक रचले गेल्यावर तो दिसतो. दीड फूट रुंदीच्या पेटीत तो नसतो. म्हणून मागच्या काचेवर निळा रंग फासणे म्हणजे नसलेली खोली उसनी आणणे. चित्रापेक्षा हा आभास सभ्य आहे, इतकाच फरक.

शिवाय हा निळा कोणाचा? महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून लांब किनारा आहे; पण मुंबईच्या चौपाटीवर उभे राहून तो निळा पाहिल्याचे कोणी शपथेवर सांगणार नाही. पावसाळ्यात खाड्यांनी गाळ आणून ओतला की, कोकणचा समुद्र मातकट होतो, एरवी करडा, हिरवट. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती, १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या मालवणच्या पाण्यात, हिवाळ्यात तळ दिसावा इतकी नितळता येते आणि तिथे प्रवाळेही आहेत. पण तिथलाही रंग दुकानातल्या पट्टीसारखा नाही. पट्टीवरचा निळा दूरच्या प्रवाळद्वीपांचा, पर्यटनाच्या जाहिरातींचा आणि २००३ च्या ‘फाइंडिंग निमो’चा आहे. बीडमधल्या ज्या मुलांनी शाळेच्या सहलीत मुंबईचे, १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय पाहिले, त्यांना आज विचारून पाहावे. मासे आठवतात, काचेवर टेकवलेली आपली नाके आठवतात. माशांमागे कोणता रंग होता, हे सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

मराठी भाषेची स्मृती तर आणखी वेगळी आहे. समुद्र ओलांडण्याचा निषेध आपल्याकडे होता, त्या काळी त्या पाण्याला ‘काळे पाणी’ म्हणत. पुढे अंदमानची शिक्षा त्याच नावाने ओळखली गेली आणि सावरकरांच्या कादंबरीचे शीर्षकही तेच झाले. म्हणजे किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या मराठी माणसाच्या भाषेत समुद्राचा एक जुना रंग काळा होता. त्यात भीती होती, जातिबहिष्काराचा धाक होता, हे खरे. पण आपल्या संतपरंपरेने काळा आणि निळा यांच्यात भिंतही घातली नव्हती. विठ्ठल सावळा आहे, तोच निळाही आहे. ‘घननीळ’ या एका शब्दात पावसाळी ढगाचा काळेपणा आणि निळेपणा एकत्र नांदतो. संस्कृतातला ‘नील’ही गडद निळ्यापासून काळ्यापर्यंत पसरलेला आहे. निळा म्हणजे प्रसन्न आणि काळा म्हणजे उदास, ही रंगविभागणी आपल्या भाषेची मूळची नव्हे.

आणि बीडचे पाणी? या जिल्ह्यातल्या माणसाने लहानपणापासून जे पाणी पाहिले, त्याच्या मागे काय होते? बीड शहरातले कंकालेश्वराचे मंदिर पाण्याच्या मधोमध उभे आहे. तिथले पाणी पाहायचे ते काळसर दगडाच्या सोबतीने. शहराजवळची खजाना विहीर निजामशाहीच्या काळात, १५८० च्या दशकात, सलाबतखानाने बांधवली. तिचे पाणी भुयारी मार्गांनी शेतांकडे नेलेले आहे आणि दुष्काळातही ती आटत नाही, असा तिचा लौकिक आहे. बारव असो, आड असो की शेतातली साधी विहीर असो, आपण कठड्यावर वाकून पाहतो तेव्हा पाण्यामागे बेसॉल्ट असतो, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्या काळ्यावरच पाण्याची लकाकी कळते, त्या काळ्यावरच एखादी मासोळी पोट उलटवून चमकून जाते. बीडमध्ये पाण्याच्या मागे काळा रंग देणे ही इंटरनेटवरून आलेली टूम नाही. ती इथल्या डोळ्याची सवय आहे.

इथवरची सगळी चर्चा मात्र पाहणाऱ्याच्या बाजूने झाली. आत राहणाऱ्याचे काय? माशांच्या त्वचेत रंगद्रव्ये बाळगणाऱ्या पेशी असतात. मागचा-खालचा रंग गडद असेल, तर पुष्कळ जातींत या पेशींतले काळे कण पसरतात आणि मासा गडद होतो. फिका असेल, तर ते कण एकवटतात आणि मासा फिकटतो. हे काही मिनिटांत किंवा तासांत घडते. तीच पार्श्वभूमी आठवडेच्या आठवडे राहिली, तर अशा पेशींची संख्यासुद्धा बदलू शकते. सगळ्या जातींत हे सारख्या प्रमाणात होत नाही, आणि कोणत्या जातीला कोणता रंग मानवतो यातही फरक आहे. तरी तत्त्व स्पष्ट आहे. बाहेरून पाहणाऱ्याला जी नुसती पार्श्वभूमी वाटते, ती आत राहणाऱ्याच्या कातडीत उतरते.

मला वाटते, साहित्याच्या विद्यार्थ्याने या ठिकाणी लेखणी खाली ठेवून क्षणभर विचार करावा. ‘या कादंबरीला मराठवाड्यातल्या दुष्काळाची पार्श्वभूमी आहे’ हे वाक्य आपण किती सहज लिहितो! जणू दुष्काळ मागे टांगलेला आहे आणि माणसे त्याच्यापुढे येऊन आपापले संवाद म्हणून जात आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, त्याच्या आदल्या वर्षी पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीजकेंद्र बंद ठेवावे लागले, दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातली कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर टाकून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. हे सारे पात्रांच्या मागे नसते. ते त्यांच्या बोलण्याच्या लयीत असते, लग्नाच्या तिथीत असते, पाहुण्याला पाण्याचा तांब्या पुढे करताना तो किती भरायचा यात असते. समीक्षक त्याला ‘पार्श्वभूमी’ म्हणतो तेव्हा तो पेटीच्या बाहेर उभा असतो.

याहून मोठी तक्रार प्रकाशन व्यवहाराबद्दल आहे. मराठवाड्यातल्या लेखकाचे पुस्तक निघाले की, मुखपृष्ठावर भेगाळलेली जमीन येते. कधी तिच्यावर वाळलेले झाड, कधी रिकामी घागर. पुस्तकात हसणारी माणसे असोत, निवडणूक असो, महाविद्यालयातले प्रेम असो, मागे भेगाळलेली जमीन आहेच. ती छायाचित्रे कधी कधी आपल्या भागातलीही नसतात. बीडचा गृहस्थ आपल्या माशांमागे न पाहिलेल्या समुद्राचे चित्र चिकटवतो, तेव्हा मुंबई-पुण्याच्या रसिकाला हसू येते. पण तोच रसिक बीडच्या माणसामागे न पाहिलेल्या दुष्काळाचे चित्र चिकटवून पुस्तक विकत घेतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही. दोन्ही पट्ट्या एकाच दुकानातल्या आहेत. आणि खेदाची गोष्ट अशी की, लेखकही हळूहळू त्या पट्टीला जुळेल असा रंग अंगावर आणू लागतो. पेशींतले कण पसरतात किंवा एकवटतात. आपल्या नव्या लिहित्या विद्यार्थ्यांना ‘तुमच्या भागातले वास्तव लिहा’ असे सांगताना आपण शिक्षकही नकळत हीच पट्टी त्यांच्या मागे लावत नाही ना, हे तपासून पाहायला हवे.

याच जिल्ह्याच्या अंबाजोगाईत याच्या उलट असलेले एक उदाहरण आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या दासोपंतांनी ‘पंचीकरण’ लिहिले ते पासोडीवर, सुमारे चाळीस फूट लांबीच्या जाड कापडावर. तिथे अक्षरांमागची भूमी लपलेली नाही. कापड हे कापड म्हणूनच दिसते, त्याची वीण दिसते. लिहिण्यासाठी जे हाती होते ते घेतले आणि ते दुसरे काही असल्याचा आव आणला नाही, असे ती पासोडी सांगते.

स्नेह्यांच्या पेटीकडे परत येतो. समुद्राचा आभास नको म्हणताना समुद्राची किंमतही मोजून पाहायला हवी. लिटरमागे पस्तीस ग्रॅम या हिशेबाने दोनशे लिटरला सात किलो सागरी मीठ लागते. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलले, तर वीस लिटर. कूपनलिकेचे जड पाणी चालत नाही म्हणून ते आरओ यंत्रातून काढायचे, आणि असे घरगुती यंत्र एका लिटरमागे दोन-तीन लिटर बाजूला टाकते. ते टाकलेले पाणी भांड्यांना, फरशीला वापरता येते. पेटीतून काढलेले खारे पाणी मात्र तुळशीला घालता येत नाही. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पेटी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवायला पंखा लावला की पाणी उडून जाते, मीठ मागे राहते, आणि रोज पुन्हा गोड्या पाण्याची भर घालावी लागते. टँकरची वाट पाहणाऱ्या गल्लीत हा हिशेब नुसत्या छंदाचा राहत नाही.

दुसरा हिशेब समुद्राच्या बाजूचा. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द ज्यांनी रूढ केला, त्या फिलिप हेन्री गॉस यांचे त्याच नावाचे पुस्तक १८५४ साली निघाले आणि इंग्लंडात घरोघरी काचेतले समुद्र दिसू लागले. त्यांचा मुलगा एडमंड गॉस याने ‘फादर अँड सन’ या १९०७ च्या आत्मकथनात जी खंत नोंदवली आहे, ती साहित्याच्या वाचकांनी विसरू नये: वडिलांच्या पुस्तकांनी भारावलेल्या हौशी लोकांनी किनाऱ्यावरच्या खडकांतली डबकी ओरबाडून उजाड केली. आपल्याकडे पाषाण-प्रवाळांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, ते अशाच ओरबाडण्याला आळा बसावा म्हणून. तेव्हा घरातल्या पेटीत प्रवाळे नसणे हीच योग्य गोष्ट आहे. मग त्यांचे चित्र मागे लावून ती असल्याचा देखावा तरी कशासाठी करायचा? जे आणू नये आणि आणलेले नाही, त्याची जागा मोकळी दिसू द्यावी.

काळ्याविरुद्ध आक्षेप आहेत आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. काळ्यावर काळा मासा हरवतो. काळा रंग पेटीतला प्रकाश पिऊन टाकतो, खोली आधीच अंधारी असेल तर पेटी भुयारासारखी वाटू शकते. घरचे म्हणतात, दिवाणखान्यात काळे कशाला, अवकळा येते. या शेवटच्या आक्षेपाला उत्तर घरातच आहे. बाळाच्या गालावरची तीट काळी, मंगळसूत्राचे मणी काळे, संक्रांतीची चंद्रकळा काळी. ज्याला जपायचे त्याच्यापाशी आपण थोडे काळे ठेवतो. शिवाय जमिनीच्या प्रतीला आपण ‘काळी’ म्हणतो, ते कौतुकाने.

म्हणून माझे उत्तर, उशिरा का होईना, असे आहे: बाहेरून, साध्या रंगाचे दोन-तीन हात, काळा. समुद्र बीडला आला आहे असे भासवू नये. एक पेटी आहे, तिच्यात दोन विदूषक मासे आहेत, ते घरापासून फार दूर आहेत आणि त्यांच्या मागे समुद्र नाही. हे पाहणाऱ्याला कळावे. तसे कळले तरच त्यांच्या पाण्याची, तापमानाची, मरणाची जबाबदारी आपली आहे, हेही कळेल. मागे समुद्र आहे असे वाटत राहिले, तर ती जबाबदारी समुद्रावर ढकलता येते. दुष्काळाचे चित्र मागे असले की माणसाच्या मरणाची जबाबदारी आभाळावर ढकलता येते, तशीच.

हे सगळे मी स्नेह्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली. पेटी नीट चालली, पाण्यात कॅल्शियम पुरेसे राहिले, तर वर्ष-दीड वर्षात मागच्या काचेवर आतून गुलाबी-जांभळे, चुन्यासारखे कठीण शेवाळ चढू लागते आणि बघता बघता रंग झाकून टाकते. दगडांसोबत आलेल्या बारीक कणांतून ते आपोआप वाढते. "मग तुम्ही कोणताही रंग द्या सर," ते म्हणाले, "शेवटी मागं काय दिसायचं, ते आतलेच ठरवणार."

त्यांनी काळा रंग दिला आहे. पुढच्या काचेवरचे शेवाळ ते रोज खरवडतात. मागच्या काचेला हात लावायचा नाही, असे त्यांनी ठरवले आहे.